शेवटची चाळीस पानं

खानापुरात, डेपोमागच्या वाचनालयात
कादंबरीची शेवटची चाळीस पानं वाळवीनं खाल्ली,
तेव्हा ग्रंथपाल परशराम देसूरकरांनी
ती स्वतःच लिहून डकवली. हिरव्या शाईनं.

मूळ नायक म्हणे मंगळसूत्र घेऊन परततो.
देसूरकरांचा आला मेल्यावर,
लोंढ्याच्या पॅसेंजरनं, विनातिकीट.

कालिंदीच्या दारावर खडूनं कन्नडात लिहिलेलं होतं:
‘नाळे बा’. उद्या ये.
इथली भुतं वाचतात नि मुकाट माघारी फिरतात.
हा पडला पुण्याचा.
अक्षर लागेना, सरळ आत.

“किती गार हात!” ती म्हणाली.
“विरह,” तो म्हणाला.
मग तिला पाय दिसले. टाचा पुढं.

(इथं वाचकानं किंचाळावं, असं समासात लिहिलंय.)

पण कालिंदी चहा टाकायला उठली की हो!
बारा प्रकरणं हा माणूस नुसता जातच होता.
आता पहाटे निघून गेला तरी
अंगणातल्या चिखलात पावलं
घराकडंच आलेली दिसतात.

पुस्तक निंगव्वा हुक्केरीनं नेलंय, सहा महिने झाले.
मागायला गेलं की दार न उघडता
आतनंच म्हणते,
नाळे बा.