वर्तणुकीचा दाखला

बत्तीस वर्षं पंचायतीत दाखले लिहिले.
रहिवासाचे, हयातीचे, वर्तणुकीचे.
"मी यांना व्यक्तिशः ओळखतो",
पुष्कळांचं तोंडही न पाहता
हात आपोआप लिहायचा.

सगुण च्यारीचा मात्र चार दिवस अडलाय.
शाळेच्या बालरथाला ड्रायव्हर हवा. मुलं चौतीस,
बोरीचा उतार, आणि वाटेत तीन बार.
कुलासोबाई फोनवर म्हणाल्या,
"तुम्ही लिहून द्या, काका. कमिटीचं मी बघते."

केंद्रातून सुटून आला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून
पोदेराच्या हॉर्नच्या आधी तो माझ्या पायरीवर.
तोंड उघडून म्हणायचा, "वास घ्या."
घरचे विश्वास ठेवीनात,
आणि गावात शिक्का माझ्याकडे, म्हणून बहुधा मीच.
मी वाकायचो, हुंगायचो, म्हणायचो, "जा."
तो गॅरेजला जायचा.
असे तीन पावसाळे. एप्रिलात भाटी पेटल्या की
गावातली कुत्रीसुद्धा हुर्राकात बुडवून काढल्यासारखी,
तेव्हाही.

हे घरातही कुणाला सांगितलेलं नाही:
त्या साथीत माझं नाक गेलं, ते परत आलंच नाही.
फोडणी करपली तरी मला पत्ता नसतो.
खोटा दाखला म्हणाल, तर तो मी
रोज सकाळी एक दिला.

मग पाहायचो काय?
नखांतलं ग्रीस. चौकटीला टेकलेला हात.
थरथरला तर तो लपवायचा नाही.
एकदा म्हणाला, "काल रात्री बारच्या दारापर्यंत जाऊन आलो.
त्याला वास नसतो, म्हणून सांगतो."

आणि एका सोमवारी आलाच नाही.
पोदेर येऊन गेला, चहावर साय धरली.
दहा वाजता छत्री घेऊन गॅरेजला गेलो.
बसखालून दोन पाय बाहेर.
"सगुण, आज आला नाहीस?"
पाना थांबला. बराच वेळ काही नाही.
मग खालून, "अरे देवा. विसरलों."

मी तसाच मागे फिरलो.
देवळाच्या वळणावर कळलं,
छत्री उघडलेलीच नाही, आणि मी भिजलोय.

फॉर्मवर रकाना आहे: आपल्या माहितीचा आधार.
दोन ओळींची जागा.
लिहिलं, "अर्जदार एके दिवशी विसरला."
खोडलं. कमिटीला काय कळणार.
शाई वाळायच्या आत
तेच पुन्हा लिहिलं.