चार अंशांवर

नव्वद भाग पाणी, दहा भाग भुकटी.
भुकटी हाडांची आणि कातड्याची असते,
हे मी जेवणाच्या सुट्टीत कुणाला सांगत नाही.
पातेलं ओळखीचंच. टिळकवाडीतल्या लग्नांत
एवढ्याच मापाच्या पातेल्यात जेली लावायचो,
लाल, हिरवी, वर अर्धी चेरी.

"काय शिजवूलालास, नारवेकर?"
होमगार्ड दारातनं विचारतो.
माणूस, म्हणतो मी.
तो हसतो. मग मीपण.

उकळू द्यायचं नाही, उकळलं की धरत नाही.
फेस मरावा म्हणून दालचिनीच्या तेलाचे दोन थेंब;
प्रयोगशाळेत दुपारपर्यंत मसालेभाताचा वास.
मग दोन रात्री फ्रिजमध्ये, चार अंशांवर.
तिसऱ्या दिवशी निघतो तो ठोकळा
लहान मुलाच्या गालासारखा थंड,
बोट दाबलं की दाबतो, सोडलं की विसरतो.

मच्छेच्या पलीकडं जुनी खाण आहे.
आधी एअरगनचा छर्रा मारायचा.
साडेआठ सेंटिमीटर आत गेला
तर ठोकळा मांसाच्या जवळपास.
जवळपास, एवढंच. फासळी नाही त्याला,
वय नाही, घाबरून वळणं नाही.

पुढ्यात चार पदर जीन.
शनिवारच्या बाजारात साठ रुपयांना घेतलेली.
कापताना खिशातनं एक तिकीट निघालं,
धुऊन धुऊन कापूस झालेलं.
निपाणी एवढं वाचता आलं.

अंकलगी मॅडम कानावर मफ चढवतात.
ओंदु. एरडु.
ठोकळा उडत नाही,
खोल श्वास घ्यावा तसा फुगतो,
आणि सोडतो.
आत धूर गोठल्यासारखी वाट, वाटेच्या टोकाला
गोळी, तोंड उलटं फिरवून बसलेली.
"मूवत्तनाल्कु," मॅडम म्हणतात,
मी वहीत चौतीस लिहितो.
पट्टी एकच, दोघांनी धरलेली.

मूरु.
तिसरी उमललीच नाही.
तोंडात निळ्या सुताचा बोळा घेऊन
मुकाट सरळ गेली, ठोकळ्याबाहेर,
मागच्या वाळूच्या पोत्यात.
पोतं होतं म्हणून.
मॅडमनी पोत्याकडं पाहिलं, मग खाणीच्या कडेकडं,
जिथं एक बाई शेळ्या घेऊन उभी होती,
लांब, तारेच्या पलीकडं, लाल निशाणाच्याही पलीकडं.
फॉर्मवर त्याला रकाना नाही.
"फेल," त्या म्हणाल्या. हा शब्द दोघांचाही.

संध्याकाळी तुकडे परत पातेल्यात.
आधी कडा विरघळतात,
वाटा शेवटपर्यंत टिकतात,
मग त्याही पाणी.
उद्या याच पाण्यातनं नवा ठोकळा लावीन,
त्याला आजचं काही आठवणार नाही.

कंग्राळीला पोचेतो अंधार.
पोरगी माझे हात हुंगते.
"कुणाचं लगीन होतं, बाबा?"
निपाणीकडचं, म्हणतो मी,
आणि हात धुवायला मागच्या दारी जातो.