शॉवरपासून पाण्यापर्यंत

शॉवरच्या दारापासून पाण्याच्या काठापर्यंत
बारा पावलं.
डंकर्कच्या नगरपालिकेच्या तलावावर
नऊ वर्षं मी उंच खुर्चीत बसते,
गळ्यात शिट्टी.
बुडणारे दोनच पाहिले.
लाजणारे रोज.

भिंतीवर निळ्या अक्षरांत नियम आहे:
सैल, खिशांची, गुडघ्यापर्यंतची चालणार नाही.
आखूड, अंगालगत, तीच.
कारण स्वच्छतेचं. लोक एरवी त्याच हाफपँटीवर
कुत्रा फिरवतात, बाकावर बसतात, मासळी आणतात.
विसरून आलेल्यांसाठी दाराशी यंत्र आहे,
पैसे टाकले की डबीतून चड्डी पडते.
शेजारच्या यंत्रातून कॉफी.
दोन्हींसमोर पुरुष सारखेच उभे असतात,
पण कॉफी घेताना
कुणी मागे वळून बघत नाही.

परवा एक कॅनडाचा इंजिनिअर
माझ्याशी वीस मिनिटं भांडला.
आमच्याकडे म्हणे असलं फक्त शर्यतीत घालतात,
किंवा म्हातारे.
मी ओनोरेकडे बोट केलं. वय एक्क्याऐंशी,
चड्डी मोहरीच्या फुलासारखी पिवळी,
पोट आधी, मागून तो,
रस्त्यात तिघांशी हवापाण्याच्या गप्पा.
बारा पावलांना त्याला दहा मिनिटं लागतात.
इंजिनिअर म्हणाला, तेच तर.

आणि गाएताँ.
बंदरातला क्रेनवाला, चोपन्न वर्षांचा,
छातीवर उभी शिवण, डॉक्टरांनी पोहायला सांगितलेलं.
दर मंगळवारी कमरेला चादरीएवढा टॉवेल,
पोट आत, श्वास कोंडलेला,
काठाशी येऊन टॉवेल सोडणं आणि उडी मारणं
एकाच झटक्यात,
जणू टॉवेलखाली तो नव्हताच कधी.
साठ मीटर उंचीवर बसून
जहाजावरचे डबे उचलणारा माणूस,
आणि वीतभर कापडाने टेकीला आणलेला.

त्या बारा पावलांत मी घड्याळाकडे बघते.
हा नियम भिंतीवर लिहिलेला नाही.

फेब्रुवारीत एकदा आगीची घंटा वाजली.
आग नव्हती, बॉयलरखोलीत कुणी टोस्ट जाळला होता,
पण घंटा ती घंटा.
सगळे होते तसे बाहेर, पार्किंगमध्ये,
समुद्रावरून सुरीसारखा वारा,
समोर बेकरीची रांग,
आणि नऊ नंबरची बस नेमकी सिग्नलला थांबलेली.
चाळीस पुरुष, चाळीस चड्ड्या.
ज्याच्या सहीने नियम निघाला तो उपमहापौरही,
जांभळ्या पट्ट्यांची.
पहिला मिनिटभर सगळ्यांचे हात
पुढे, घडी घातलेले,
फोटोतल्या फुटबॉलपटूंसारखे.
मग थंडी वाजायला लागली
आणि हात काखेत गेले.
थंडीला लाज कळत नाही.
ओनोरे बसला हात करत होता.

गाएताँकडे टॉवेल होता. अर्थातच होता.
त्याच्या शेजारी इद्रिस, अकरा वर्षांचा,
दात वाजताहेत, ओठ निळे.
गाएताँने टॉवेलकडे पाहिलं,
बसकडे पाहिलं,
आणि पोराला डोक्यापासून गुंडाळलं,
पाव गुंडाळतात तसं.
मग उभा राहिला. श्वास सोडून.
पोट आलं जागेवर.
शिवण थंडीने लाल झाली होती.
बेकरीच्या रांगेतून एक बाई आली,
गरम पाव त्याच्या हातात देऊन गेली.
बोलली काही नाही.

आता वाटेल, पुढच्या मंगळवारी
तो ओनोरेसारखा चालत आला असेल.
नाही.
टॉवेल पुन्हा कमरेला, श्वास पुन्हा कोंडलेला.
फक्त इद्रिस पाण्यातून ओरडला, "ए क्रेन!"
आणि गाएताँला हसू फुटलं,
हसताना पोट आत धरता येत नाही.
नवव्या पावलाला टॉवेल खुंटीवर गेला.

उरलेली तीन
मी चुकून पाहिली.