तडजोडीस पात्र नाही

वेंगुर्ल्याच्या कोर्टात, रेकॉर्डच्या कपाटात,
खालच्या फळीवर, एका लाल फडक्यात
दोन पुस्तकं आहेत.
एक हिरव्या बांधणीचं, एक काळं,
ज्याच्या पाठीवरचा सोनेरी क्रूस
माझ्या आधीच्या कारकुनांच्या अंगठ्यांनी पुसलाय.
आता ती लागत नाहीत.
ईश्वरसाक्ष खरं सांगेन, एवढ्यावर भागतं.
मी महिन्याला वाळवीचं औषध मारतो,
फडकं झटकतो, परत बांधतो.
कुणी सांगितलं नव्हतं. कुणी नको म्हटलं नाही.

सांतान परेराला उभा केला तेव्हा
त्याने पुस्तक मागितलं.
साहेब म्हणाले, गरज नाही.
तो रिकामा तळहात हवेत तसाच धरून बोलला,
दोराने कापलेला, मधोमध काळा पडलेला हात:
"माझ्याच हातान झाला. दिवो बंद होतो.
मी पिऊन होतंय."
त्याच्या वकिलाने डोळे मिटून घेतले.

निवतीच्या बाजूला, पहाटे साडेतीनला
ट्रॉलरखाली एक पात आली.
पातीवर मुबीन होडेकर, वय एकोणीस.
तिसऱ्या दिवशी शिरोड्याच्या वाळूत सापडला,
मनगटाला टॉर्चची दोरी
आणि टॉर्च नाही.

बंदरावर सगळंच मागाहून कळतं.
हेही कळलं, फादरकडून नाही, सांतानच्याच तोंडून:
पोलीस यायच्या आधी तो चर्चमध्ये गेला होता,
जाळीपाशी गुडघे टेकून सगळं बोलला होता.
पलीकडून फादर बेंतू म्हणाले होते,
मेणबत्ती राहू दे. इथलं इथे झालं.
आता त्या बाईच्या दारात जा.

जायला त्याला अकरा दिवस लागले.

हुरमतबी अंगणात सुंगटं वाळत घालत होती.
कावळे हाकलायची काठी हातात, ती तशीच राहिली.
"माका सांगूच्या आधी
तू त्या जाळीक सांगलंस?"

तो आपल्या पायांकडे बघत राहिला.

मोहल्ल्यातले चार वडीलधारे आले, समजावून गेले:
रक्ताचे पैसे घेणं आपल्यात हलाल आहे,
माफ केलंस तर त्याहून मोठं,
आणि नाही केलंस तरी तुझा हक्क.
तो ट्रॉलरमधला हिस्सा विकायला तयार होता.
ती म्हणाली,
"देवाचा जा काय आसा ता देव माफ करतलो.
माझा तेच्याकडे नाय.
माझा माझ्याकडे आसा."
आणि सुंगटं उलटी करायला लागली,
एका बाजूने ती लाल झाली होती.

निकालाच्या दिवशी ती उठून उभी राहिली.
"साहेब, माका कायतरी बोलूचा आसा."
सरकारी वकील म्हणाले, कलम तडजोडीस पात्र नाही,
फिर्यादी सरकार आहे, या टप्प्यावर काही नोंदवता येणार नाही.
ते बरोबरच होतं. साहेबांनी मान हलवली.
पंखा फिरत होता. ती थोडा वेळ उभीच राहिली,
काष्टीची तिकिटं संपल्यावर माणूस रांगेत राहतो तशी.
मग बसली.
दीड वर्ष सक्तमजुरी.
रोजनाम्यात मी लिहिलं:
मयताची आई हजर. म्हणणं नाही.

दुपारी व्हॅन उशिरा आली.
हवालदार चहाला गेलेला, दुसरा मोबाइलमध्ये.
उंडीच्या झाडाखाली हुरमतबी सांतानपाशी गेली
आणि बोलली. फार नाही,
एक घोट पाणी पिण्याइतका वेळ.
मी खिडकीतून बघत होतो, मध्ये गज होते,
एवढ्यात जनरेटर सुरू झाला.
सांतान खाली बसला, मातीतच,
बेडीचा हात डोक्यावर घेऊन.
माणूस दोन्ही कारणांनी असाच बसतो.

घरी बायकोने विचारलं, काय झालं त्या केसचं?
म्हटलं, दीड वर्ष.
ती म्हणाली, ते नाही, बाई काय म्हणाली?
मी बांगड्यांचा भाव सांगितला.

पुस्तकांचं फडकं या महिन्यात बदललं.
रोजनामा मात्र तसाच आहे, पान दोनशे बारा,
माझ्याच अक्षरात: म्हणणं नाही.
तिथे खाडाखोड चालत नाही.