एक कमी

भुसावळच्या उन्हात
असला वेल लावणारी बाई वेडीच.
शेजारच्या सरोदेकाकू भिंतीवरून म्हणाल्या,
"केयी लाव ना व माय,
त्या वेलाले काय येतं?"

बी वर्गीसने दिलेलं.
पार्सल ऑफिसात बावीस वर्षं काढून
कोट्टायमला परत जाताना
त्याने आरक्षणाच्या जुन्या फॉर्मात
कृष्णफळाच्या दोन पुड्या बांधल्या,
एक मला, एक शशिकला नेहेतेला.
आम्ही दोघी बोलत नाही
हे त्याला ठाऊक होतं की नव्हतं, कोण जाणे.

खिडकी नंबर तीन माझी, चार तिची.
एका रात्रपाळीला
मोड संपली म्हणून गल्ले एकत्र केले
आणि पहाटे अकराशे चाळीस कमी भरले.
मी तिच्याकडे पाहिलं.
तिने माझ्याकडे.
एवढंच झालं.
पैसे दोघींच्या पगारातून निम्मे निम्मे गेले.
त्याला एकोणीस वर्षं.

वेल कूलरच्या पाण्यावर जगला.
हिरव्या जाळीखाली, वर आणखी गोणपाट.
बोअरच्या पाण्याने मातीवर पांढरं फुटायचं
ते मी उलथन्याने खरवडायची,
दीपनगरची राख
पान पान धरून ओल्या फडक्याने पुसायची.
दुसऱ्या वर्षी तो कठडा चढून
डिशच्या छत्रीला जाऊन बिलगला,
मालिका दिसेनाशी झाली.
मी कापला नाही.

गणपती उठले आणि फुलं आली.
दुपारी साडेबाराला उघडत,
इथल्या कुठल्याही गाडीपेक्षा वेळेवर,
संध्याकाळी मिटत,
सकाळी खाली पडलेली असत
ओल्या कापसासारखी.
फळ एक नाही.

वर्गीसला फोन केला. तो हसला.
"मॅडम, पिवळी जात आहे.
तिला स्वतःचा पराग चालत नाही.
दुसऱ्या वेलाचा लागतो."
मग थोडं थांबून,
"दुसरा कुठे आहे, माहीत आहे ना?"

तीन दिवस मी गेले नाही.
तीन दिवसांची फुलं झाडून टाकली.

चौथ्या दिवशी नातवाचा रंगाचा ब्रश
आणि कुंकवाची रिकामी डबी घेऊन
भर दुपारी खडका रोडला गेले.
तिने दार उघडलं. केस सगळे पिकलेले.
मी डबी पुढे केली.
तिने झाकण काढून आत बघितलं,
माझ्याकडचे चिमूटभर पिवळे कण,
आत गेली,
तिच्याकडचे कागदावर घेऊन आली
आणि पुडी माझ्याकडे सरकवली
खिडकीखालून सुटे सरकवावेत तशी.
"चहा?"
"फुलं मिटतील."
"मग उद्या जरा लवकर ये."

महिनाभर हेच.
बोलणं फक्त फुलांचं.
लोक म्हणतात, मधले पाच ते पांडव,
भोवतीच्या जांभळ्या तंतूंचे कौरव शंभर.
तिने चष्मा लावून, टाचणीने एकेक बाजूला करत मोजले.
"शंभर भरत नाहीत गं."
आम्ही दोघी हसलो,
आणि मग बराच वेळ
कुणी कुणाकडे पाहिलं नाही.

कृष्णफळ तोडायचं नसतं.
ते आपणहून सुटतं, मार्गशीर्षातल्या रात्री,
सिमेंटवर टप्प वाजतं
आणि अंथरुणात कळतं, आलं.
लगेच कापायचंही नाही.
सालीला सुरकुत्या पडू द्यायच्या,
तोवर आंबटच.

काल शशिकला आली पिशवी घेऊन.
तिची तेवीस, माझी अठरा.
ओट्यावर एकत्र ओतली,
जुन्या सवयीने दोघींनी वेगवेगळी मोजली.
चाळीस.
पुन्हा मोजली.
चाळीस.

खार असेल, ती म्हणाली.
असेल, मी म्हणाले,
आणि चाकू आणायला उठले.