पाच कोपऱ्यांचं घर

पहिली प्लेट बाबांनी कापली,
जिनिंगच्या टाकाऊ पट्ट्यातून, रापीनं.
पाच कोपरे मोजून झाल्यावर विचारलं,
"याले होम म्हन्तेत? म्हंजे घर?"
मी म्हटलं, हो.
"मंग दार कुठी हाय वं?"

माझी पिचर पोर्णिमा कुमरे म्हणते,
तिच्या जागेवरून ते खरंच घर दिसतं,
पहिलीतल्या पोरानं पाटीवर काढल्यासारखं, छपरासकट.
मला रोज उलटं दिसतं.
मी कॅचर.

सहावीत मोज्यात सरकी भरून चेंडू करायचो.
रेतीनं भरलेली तीन खताची पोती म्हणजे तीन बेस.
मला मागं बसवलं, कारण मी जाडी
आणि पळताना शेवटची.
नंतर कळलं,
आठ जणी घराकडं तोंड करून उभ्या असतात,
मी एकटी बाहेर बघत बसते:
कुंपण, पऱ्हाटी, दारव्हा रोड,
आणि त्यावरून जाणारी दिग्रस–अमरावती एसटी,
बहुतेक पाचव्या इनिंगला.

यवतमाळच्या फायनलला तिसरा स्ट्राइक
माझ्या ग्लोव्हला लागून मागं गेला.
बॅटर आऊट झालीच होती. झाली नाही.
मास्क फेकून वळले तर चेंडू पाण्याच्या ड्रमखाली,
आणि तिसऱ्या बेसवरची पोरगी
माझ्या उलट्या घरावरून
धुरळा उडवत निघून गेली.
काळीपिवळीत पोर्णिमा बोलली नाही.
लाडखेड गेल्यावर तिनं अर्धं संत्रं दिलं,
बिया काढून.

त्या उन्हाळ्यात जिनिंग बंद होतं.
गोदामाच्या भिंतीवर चेंडू मारत राहिले, सहा ते आठ.
आठनंतर भिंत हात लावू देत नाही.
गुडघे आधी कुरकुरले,
मग त्यांनी नाद सोडला.

आता बारावी झाली.
अमरावतीच्या कॉलेजात ट्रायल दिली.
दुसऱ्या बेसवर थ्रो: दोन पूर्णांक दोन सेकंद.
मॅडमनी घड्याळ पाहिलं, काहीतरी लिहिलं,
आणि पाणी प्यायल्या.
खिडकीतल्या क्लार्कनं विचारलं,
"कॅचर म्हणजे? विकेटकीपर?"
मी समजावत होते तोवर
त्यांनी रकान्यात 'इतर' लिहिलंही.

यादी सोमवारी.
आई विचारते, हॉस्टेलला बादली निळी नेशील की लाल.
मी म्हणते, आधी नाव तर लागू दे.
ती दोन्ही घासून ठेवते.
बाबा शाळेसाठी दुसरी प्लेट कापतायत.
"जुनी तू ने."
तिथं त्यांची आहे बाबा, पांढरी, रंगवलेली.
"असन. तरी ने."

आज माझ्या जागेवर सहावीतली तेजल बसली,
मास्क तिच्या हनुवटीखाली लोंबतो.
पोर्णिमा नव्हती, म्हणून पिचिंगला मी.
पहिल्यांदा घर सरळ दिसलं.
केवढंसं आहे ते.

तेजल, मांड्या खाली.
अजून खाली.
माझ्या तोंडाकडं नको गं बघू,
चेंडूकडं.