गोड बोला

शेजारचं लुओ कुटुंब घर सोडून गेलं
तेव्हा आमच्या दारात एक खोका राहिला.
टेपवर पेनाने नुसतं: शाल्मली.
आत तेरा पुस्तकं, लहान मुलांची, सगळी चिनी.
एकाच्या कोपऱ्यावर दातांच्या खुणा,
एकात वाळलेला नूडल, खूण म्हणून ठेवल्यासारखा.

चायना क्लस्टर, बिल्डिंग सी-बारा, दुबई.
नाव चायना, राहतात सगळे.
खाली मलबारी सलून, त्याला लागून हुआंगबाईंची भाजी,
वारा फिरला की गटाराचा वास,
आणि ड्रॅगन मार्टच्या बाजूने रात्रभर लाल उजेड.

वृंदाची नाइट ड्यूटी. मी घरीच.
(नोव्हेंबरपासून घरीच. ते नंतर.)
शाल्मली म्हणते, वाच.
मला एक अक्षर येत नाही, पण बाप आहे,
वाचतो.

लाल कागदाला बिचकून पळणारा शिंगवाला प्राणी,
मी सांगितलं, हा घरमालक, भाडं मागायला आलाय.
नदीत लांबलचक होड्या, होड्यांत ढोल,
म्हटलं, गणपती पोचवून परत निघालेत.
चंद्रावरच्या सशाला मात्र काही जोडावं लागलं नाही,
तो आपलाच होता.
फक्त हातात मुसळ, काहीतरी कांडत होता.
“आपल्या सशाला काम नाही का?”
मी पान उलटलं.

सातव्या पुस्तकात एक दाढीवाला,
चुलीच्या वर, भिंतीला चिकटवलेला.
घरातली बाई बोटाने त्याच्या ओठांना काही फासतेय.
खोटं बोलला, म्हणून तोंड बंद केलं, मी म्हणालो.
तीन रात्री ही गोष्ट चालली.
चौथ्या रात्री ती म्हणाली,
“मग तो हसतोय कशाला?”

पुस्तक काखेत मारून खाली गेलो.
हुआंगबाईंनी बोकचॉयवर पाणी मारता मारता पाहिलं,
थोडं हिंदी, थोडं अरबी, बाकी हातांनी:
ये किचन का खुदा. पूरा साल घर में बैठता, सब देखता.
साल खलास, ऊपर जाता, बडा साहब को रिपोर्ट.
इसलिए मुँह में मीठा. मीठा बोलेगा.
नहीं तो चिपक जाएगा. बोलेगा ही नहीं.
आणि कोथिंबिरीचे अडीच दिरहम लावले.

लिफ्टमध्ये एकटाच हसलो.
अरे, हा तर आपला तिळगूळ!
आईने इस्लामपूरहून कुणाच्या तरी बॅगेतून धाडलेला,
शारजाला जाऊन मी सोडवून आणलेला,
डब्यात अजून सात लाडू.

ते हसू दुसऱ्या नि तिसऱ्या मजल्याच्या मध्येच राहिलं.
कारण दर रविवारी मी फोन लावतो.
ऑफिस? चाललंय की. साहेब? एकदम चांगला.
आम्ही मजेत.
नोव्हेंबरपासून माझ्या ओठांना काय लागलंय
ते गॅसवरच्या टाइल्सना ठाऊक
आणि व्हिसावरच्या तारखेला.

त्या रात्री खरं वाचलं. चूल, देव, वरचा साहेब.
शेवटच्या पानावर चित्र जाळून त्याला वर पाठवतात.
“आपण पण जाळू या?”
“नको. स्मोक अलार्म आहे.”
ती उठली, डब्यातला लाडू चाटून ओला केला
आणि दाबला त्याच्या ओठांवर.
कानाशी वाकून म्हणाली,
“बाबा आता रोज घरी असतात, ते सांग.
लवकर सांग, ते पहिल्यांदा सांग.”

रविवारी फोन.
गुडघा? बराय रे. जिना? चढते की रोज.
मागून ताईचा आवाज, “आई, खोटं काय बोलतेस,”
आणि मग काहीच नाही, हात ठेवल्यासारखं.
म्हणजे तिकडेही गूळच.
“आई,” मी म्हटलं, “मलाही एक सांगायचंय.”
“सांग,” ती म्हणाली. “जेवलास ना पण?”

सांगत असताना पाहत होतो,
पुस्तकाला मुंग्या लागल्या होत्या.
फरशीवरून, कपाटाच्या पायावरून, एक रांग,
मला न येणाऱ्या अक्षरांवरून
कुठेही न अडखळता
देवाच्या तोंडापर्यंत.